वायुदूत का बंद पडली? एका छोट्या विमान कंपनीचा हिशेब

प्रश्न असा आहे: "ऐंशीच्या दशकात वायुदूत नावाची सरकारी विमान कंपनी लहान लहान गावांना विमानसेवा देत होती म्हणतात. ती नेमकी काय होती, का बंद पडली, आणि आजच्या उडान योजनेचंही तेच होणार का?"

माझी नोकरीची बरीच वर्षं छोट्या विमानांच्या मार्ग-नियोजनात गेली. कुठलं विमान कुठल्या गावाला, किती वाजता, किती माणसं घेऊन जाऊ शकेल, हे ठरवणं हेच काम. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल, कारण वायुदूतबद्दल जे सर्रास सांगितलं जातं ते मला पटत नाही. "प्रवासी मिळाले नाहीत म्हणून बुडाली" हे अर्धंच खरं आहे. अनेक मार्गांवर विमान पूर्ण भरलं असतं तरी तोटाच झाला असता. तो तोटा कोण भरणार हे कधी नीट ठरवलं नाही, आणि ते न ठरवताच मार्ग वाढत गेले. मूळ दुखणं हे होतं.

सुरुवात १९५३ पासून करावी लागते. त्या वर्षी हवाई महामंडळ कायदा झाला, देशातल्या आठ खासगी कंपन्या एकत्र करून १ ऑगस्टपासून इंडियन एअरलाइन्स सुरू झाली. तिला वारशात ९९ विमानं मिळाली, त्यातली ७४ डकोटा होती. डकोटा हे युद्धकाळातलं दणकट विमान. मातीची, गवताची धावपट्टीसुद्धा त्याला चालायची. त्यामुळे पन्नाशीच्या दशकात त्रिपुरातल्या कैलाशहर किंवा कमालपूरसारख्या ठिकाणी विमान जाणं ही काही नवलाई नव्हती. ईशान्येत तर दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्ट्यांचं जाळंच तयार होतं, आणि फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानला वळसा घालून जमिनीवरून जाणं इतकं लांबलं होतं की विमानाशिवाय अनेकांना सोयीचा पर्याय उरला नव्हता.

मग मोठी विमानं आली. १९६४ मध्ये कॅराव्हेल हे पहिलं जेट, सत्तरच्या सुरुवातीला बोईंग ७३७, १९७६ मध्ये एअरबस ए३००. फोकर एफ२७ आणि कानपूरला बनणारं ॲव्रो ही पंख्याची विमानं मधली जागा सांभाळत होती, पण डकोटा म्हाताऱ्या होऊन एकेक करत निवृत्त झाल्या. जेटला लांब आणि भक्कम धावपट्टी लागते. लहान गावांची सेवा बंद करायची असा निर्णय कुणी बैठकीत घेतला नाही. ताफा बदलला आणि वेळापत्रकातून गावं गळत गेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस देशात विमान म्हणजे मुख्यतः मोठी शहरं आणि राज्यांच्या राजधान्या, असं होऊन बसलं होतं.

ही पोकळी भरायला "तिसऱ्या स्तराची विमानसेवा" ही कल्पना पुढे आली. परदेशात जायला एअर इंडिया, देशातल्या मोठ्या शहरांना इंडियन एअरलाइन्स, आणि लहान गावांना तिसरी कंपनी. २६ जानेवारी १९८१ ला वायुदूत सुरू झाली ती याच विचारातून. मालकी एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांची मिळून, आणि पहिलं उद्दिष्ट स्पष्ट: ईशान्य भारत. विमानं इंडियन एअरलाइन्सचीच जुनी फोकर. चाळीसेक आसनं, वर पंख, खाली मोठ्या खिडक्या. नव्या कंपनीसाठी हे सोयीचं होतं, कारण वैमानिक आणि इंजिनीअर तयार होते, सुटे भाग कोठारात होते. पण सोय होती तिथेच अडचणही होती. चाळीस आसनांचं विमान ज्या गावाला मोठं पडत होतं, त्या गावासाठीच तर ही कंपनी काढली होती.

म्हणून डॉर्निअर २२८ आलं. पश्चिम जर्मनीतलं हे १९ आसनांचं, दोन इंजिनांचं विमान. १९८३ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं ते परवान्यावर कानपूरला बनवायचा करार केला. पुढे तटरक्षक दल, नौदल, हवाई दल या सगळ्यांनी ते घेतलं आणि आजही ते कानपूरला बनतं. प्रवासी वाहतुकीत ते भारतात रुळवलं वायुदूतनं. विमान म्हणून मला ते फार आवडतं. छोट्या धावपट्टीवर उतरतं, खडबडीत जागी कुरकुर करत नाही, इंजिन भरवशाचं. मात्र केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय त्यात नाही, त्यामुळे फार उंच जाता येत नाही. जेट ढगांच्या वरून निघून जातं, डॉर्निअर ढगांच्या पट्ट्यातूनच जातं. पावसाळ्यात पश्चिम घाटावरून किंवा मेघालयावरून जाताना प्रवाशांचे जे हाल व्हायचे ते आजही ज्येष्ठ मंडळी सांगतात. विमानात स्वच्छतागृह नाही, उभं राहायला उंची नाही. एक तासाच्या प्रवासाला हे चालून जातं. दोन-तीन थांबे घेत जाणाऱ्या फेरीला चालत नाही.

डॉर्निअर आल्यावर कंपनी ईशान्येपुरती राहिली नाही. हिमाचल, राजस्थान, दक्षिण, महाराष्ट्र, सगळीकडे ती पसरली. महाराष्ट्रात पुणे आणि कोल्हापूरसारख्या शहरांनी ही विमानं पाहिली. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर १६ एप्रिल १९८८ ला धावपट्टी सुरू झाली ती मुळात डॉर्निअर डोळ्यासमोर ठेवूनच. कोचीहून तिथे जायला बोटीत रात्र काढावी लागते, तिथे विमान दीड तासात पोचू लागलं. ही कामगिरी मोठीच होती आणि तिचं श्रेय त्या काळच्या लोकांना द्यायलाच हवं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात वायुदूतच्या ठिकाणांची संख्या शंभरच्या घरात गेली. इंडियन एअरलाइन्सलाही इतकी ठिकाणं नव्हती. आणि वायुदूतकडे विमानं होती मूठभर.

इथे मला थोडं थांबून एका उड्डाणाचं गणित मांडायचं आहे, कारण सगळी गोष्ट त्यात आहे.

समजा डॉर्निअर एका मोठ्या शहरातून तासाभराच्या अंतरावरच्या गावी जाणार आहे. उड्डाणाच्या वेळी विमानाचं कमाल वजन साधारण सहा टन. रिकाम्या विमानाचं वजन पावणेचार टन धरू. वैमानिक, त्यांचं सामान आणि बाकी किरकोळ मिळून पाव टन. उरले दोन टन, म्हणजे दोन हजार किलो. यात इंधन आणि प्रवासी दोन्ही बसवायचे. इंधन तासाला २८० किलो धरू. आता त्या गावी इंधन भरायची सोय नाही. बहुतेक लहान विमानतळांवर नसतेच, कारण दिवसाला एका डॉर्निअरसाठी तिथे टाकी, गाडी आणि माणूस ठेवणं तेल कंपनीला परवडत नाही. म्हणजे परतीचं इंधनही इथूनच न्यायचं. जाऊन-येऊन ५६० किलो. हवामान बिघडलं तर दुसऱ्या विमानतळावर जायला अर्ध्या तासाचं १४० किलो. त्यावर पाऊण तासाचं राखीव २१० किलो. एकूण ९१० किलो. राहिले १,०९० किलो. माणूस आणि त्याचं सामान मिळून ९० किलो धरलं तर प्रवासी बसतात बारा.

आसनं १९, तिकिटं विकता येणार १२. म्हणजे गावात रांग लागली तरी विमान ६३ टक्क्यांच्या वर भरूच शकत नाही. त्या गावी इंधन मिळालं असतं तर निघताना ६३० किलोवर भागलं असतं आणि पंधरा जण बसले असते. एका इंधनाच्या टाकीची किंमत तीन प्रवासी, प्रत्येक फेरीला. उन्हाळ्यातली दुपार असली किंवा धावपट्टी उंचावर आणि आखूड असली, तर बारातलेही दोन-तीन कमी करावे लागतात, कारण गरम आणि विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो.

हे आकडे समजण्यासाठी ढोबळ घेतले आहेत, प्रत्येक विमानाचे आणि मार्गाचे वेगळे निघतील. पण लहान विमानतळावर काम केलेल्या कुणालाही विचारा, लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाच्या हिशेबाचा कागद, हातात घेऊन "अजून एकाला उतरवावं लागेल" हे सांगण्याची वेळ त्याच्यावर आलेली असते. वजनकाट्यावर बॅगांसोबत माणसंही उभी करावी लागतात. लग्नाला निघालेलं पाचजणांचं कुटुंब असतं आणि त्यातल्या एकाला मागे राहा म्हणायचं असतं. लोकांना वाटतं कंपनीनं जास्त तिकिटं विकली. खरं कारण त्या टाकीत असतं, आणि काउंटरवर उभं राहून ते समजावून सांगणं फार अवघड जातं.

याच्या जोडीला खर्चाची दुसरी बाजू. १९ आसनांच्या विमानाला वैमानिक दोन लागतात, आणि १८० आसनांच्या विमानालाही दोनच. विमानतळावर अग्निशमन, सुरक्षा, काउंटर, हवामानाची माहिती ही सगळी यंत्रणा दोघांनाही लागते. उड्डाण आणि चढण यात सर्वांत जास्त इंधन जळतं, आणि छोट्या अंतरावर विमान जेमतेम उंची गाठतं तोच उतरायची वेळ येते. चाकं, ब्रेक, इंजिनाचे काही भाग यांचं आयुष्य तासांबरोबर उड्डाण-उतरणीच्या संख्येवरही मोजतात. दिवसात सहा वेळा उतरणारं विमान दोन वेळा उतरणाऱ्यापेक्षा त्या हिशेबानं तिप्पट वेगानं झिजतं. त्यामुळे दर किलोमीटरला दर प्रवाशामागचा खर्च मोठ्या विमानापेक्षा कितीतरी जास्त येतो. आणि भाडं? ते मात्र रेल्वेच्या वरच्या वर्गाकडे आणि टॅक्सीकडे बघत ठेवावं लागतं, कारण गिऱ्हाईक तीच तुलना करतं.

वायुदूतच्या बाबतीत अजून काही गोष्टी होत्या. ताफा लहान, पण त्यात फोकर, ॲव्रो आणि डॉर्निअर अशी तीन जातींची विमानं. प्रत्येक जातीचे सुटे भाग वेगळे, इंजिनीअरचा परवाना वेगळा, वैमानिकाचं प्रशिक्षण वेगळं. फोकर नादुरुस्त झालं तर डॉर्निअरचा वैमानिक रिकामा बसून उपयोग नाही. राखीव विमान जवळपास नसायचंच. एक डॉर्निअर दुरुस्तीला उभं राहिलं की त्या दिवशीच्या साखळीतली चार-पाच गावं एकदम कोरडी.

साखळीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. बहुतेक छोट्या धावपट्ट्यांवर रात्री उतरण्याची सोय नव्हती, आणि ढगात यंत्रांच्या आधारानं उतरवणारी उपकरणंही नव्हती. वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसली पाहिजे. सकाळी धुक्यामुळे पहिलं उड्डाण दीड तास उशिरा निघालं की दुपारची फेरी संध्याकाळकडे सरकते, आणि सूर्यास्ताच्या आत परत येणं जमत नसेल तर शेवटचं गाव रद्द. ईशान्येत सूर्य लवकर मावळतो. हिवाळ्यात साडेचार-पाचलाच अंधार पडतो. त्यामुळे तिथे हा प्रश्न सर्वांत बिकट होता. तीन वेळा रद्द झालेल्या विमानावर चौथ्या वेळी कुणी विसंबत नाही, मग तो प्रवासी रात्रीच्या बसनं जातो आणि परत येत नाही. "प्रवासी मिळाले नाहीत" असा शेरा ज्या मार्गांवर मारला गेला, त्यातल्या कितींवर प्रवासी असे गमावले होते हा खरा प्रश्न आहे.

वैमानिकांचंही तेच. डॉर्निअरवर उमेदवारी केलेला तरुण वैमानिक दोन-तीन वर्षांत जेटकडे बघू लागतो. त्यात त्याचा दोष नाही. मोठं विमान, चांगला पगार, घराजवळचं तळ-शहर कुणाला नको असतं? पण छोटी कंपनी कायम शिकवत राहते आणि शिकलेली माणसं मोठी कंपनी घेऊन जाते. प्रशिक्षणाचा खर्च छोटीच्या वहीत, फायदा मोठीच्या.

अपघातांबद्दल बोलणं भाग आहे. १९ ऑक्टोबर १९८८ ला सिलचरहून गुवाहाटीला निघालेलं वायुदूतचं फोकर गुवाहाटीजवळ कोसळलं, विमानातले सर्व ३४ जण गेले. त्याच दिवशी अहमदाबादला इंडियन एअरलाइन्सचं बोईंग ७३७ कोसळलं होतं, त्यामुळे देशाचं लक्ष तिकडे राहिलं आणि सिलचरच्या माणसांची बातमी आतल्या पानांवर ढकलली गेली. पुढच्या वर्षी २३ सप्टेंबर १९८९ ला पुण्याहून हैदराबादला निघालेलं डॉर्निअर इंदापूरजवळ उजनी धरणाच्या जलाशयात पडलं. ११ जण गेले. सोलापूर-इंदापूर भागात ती आठवण अजून आहे. मोठी कंपनी अशा घटनेनंतर सावरते, कारण लोकांना तिची इतर शेकडो विमानं रोज नीट उतरताना दिसतात. गावातल्या माणसाला ते एकच छोटं विमान माहीत असतं. त्याचा विश्वास एकदा उडाला की परत बसायला फार वेळ लागतो.

आता पैशाकडे येऊ. लहान गावाची विमानसेवा तोट्यात चालते यात काही लाजिरवाणं नाही. डोंगरातला रस्ता किंवा बेटाची बोटसुद्धा तिकिटाच्या पैशावर चालत नाही. अमेरिकेनं १९७८ मध्ये विमान कंपन्यांवरची बंधनं उठवली तेव्हाच लहान गावांसाठी वेगळी योजना केली: या गावाला रोज इतकी उड्डाणं हवीत, कोण कमीत कमी अनुदानात करून देईल ते सांगा. म्हणजे तोटा आधी मोजला, त्याला नाव दिलं, भरणारा ठरवला. वायुदूतसाठी देशभराच्या पातळीवर, मार्गागणिक, निविदेतून ठरलेली अशी भरपाई नव्हती. कंपनीकडून अपेक्षा मात्र दोन होत्या: समाजसेवा करा आणि ताळेबंदही जुळवा. त्यात प्रत्येक भागातून "आमच्याकडेही विमान सुरू करा" ही मागणी. लोकप्रतिनिधीनं आपल्या मतदारसंघासाठी विमान मागणं स्वाभाविकच आहे, मी त्याला दोष देणार नाही. पण मागणीसोबत "याचे वर्षाला इतके पैसे लागतील, ते अमुक खात्यातून येतील" ही ओळ कागदावर यायला हवी होती, आणि ती मागण्याचा अधिकार कंपनीच्या नियोजन विभागाला हवा होता. सरकारी कंपनीतला नियोजक मंत्रालयाला नाही म्हणू शकत नाही. मग दहा गावांना रोज जाण्याइतकी विमानं तीस गावांना आठवड्यातून दोनदा जाऊ लागतात. आठवड्यातून दोनदा येणारं विमान व्यापाऱ्याच्याही कामाचं नसतं आणि रुग्णाच्याही. माझ्या मते वायुदूतचं सर्वांत मोठं नुकसान या पातळ होत गेलेल्या जाळ्यानं केलं.

१९९० नंतर सगळं एकदम घसरलं. आखाती युद्धामुळे इंधन महागलं. फेब्रुवारी १९९० मध्ये बेंगळुरूला इंडियन एअरलाइन्सचं नवं ए३२० पडलं, त्यानंतर तो सगळा ताफा काही महिने जमिनीवर उभा राहिला. म्हणजे जिच्या आधारावर वायुदूत उभी होती ती कंपनीच अडचणीत आली. त्याच सुमारास खासगी कंपन्यांना एअर टॅक्सी म्हणून परवानगी मिळू लागली, आणि १९९१ च्या आर्थिक संकटानंतर सरकारी कंपन्यांचे तोटे सोसायची कुणाची तयारी राहिली नाही. मार्ग एकापाठोपाठ एक बंद झाले. मे १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. जेट एअरवेजनं उड्डाणं सुरू केली तीही त्याच महिन्यात, ५ मे ला. वायुदूतच्या कर्मचाऱ्यांच्या ज्येष्ठतेचे वाद त्यानंतर बरीच वर्षं न्यायालयांत चालले. आयुष्यभर डोंगराळ पट्ट्यांवर विमानं उतरवलेल्या माणसांना नव्या यादीत शेवटी उभं राहावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. मार्च १९९४ मध्ये सरकारनं नियम केला की मोठ्या शहरांमधल्या फायद्याच्या मार्गांवर जितकी आसनं चालवाल, त्याच्या ठरावीक टक्के ईशान्य, काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप आणि इतर मार्गांवर चालवावीच लागतील. यानं गुवाहाटी, श्रीनगर, पोर्ट ब्लेअर यांना भरपूर विमानं मिळाली. अरुणाचलमधल्या पासीघाटसारख्या लहान गावाला काही मिळालं नाही, कारण कंपन्या त्या टक्केवारीची पूर्तता जेटनं मोठ्या शहरांतच करून मोकळ्या झाल्या. नंतर ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानांना उतरणावळ (विमानतळावर उतरण्याचं शुल्क) माफ झाली आणि त्यांच्या इंधनावरचा विक्रीकर चार टक्क्यांवर आला. एटीआर ही पंख्याची, मध्यम आकाराची विमानं भारतात रुजली त्यात याचा मोठा वाटा आहे. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन २००३ मध्ये एटीआरवरच सुरू झाली.

मग २०१६ मध्ये उडान योजना आली. ही योजना आखणाऱ्यांनी वायुदूतच्या इतिहासातला मुख्य धडा घेतला होता असं मी मानतो. मार्गागणिक निविदा, ठरलेलं अनुदान, तासाभराच्या प्रवासाला सुमारे २,५०० रुपयांची भाड्याची मर्यादा निम्म्या आसनांवर, तीन वर्षं त्या मार्गावर दुसऱ्या कुणाला प्रवेश नाही, आणि अनुदानाचा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून. देशभराच्या पातळीवर तोट्याला भरणारा मिळाला. २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्लीसोबत नांदेड-हैदराबाद हीसुद्धा पहिल्या उड्डाणांपैकी एक होती.

तरीही निकाल काय लागला? महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पूर्ण केली ती ११२ मार्गांनी, आणि अनुदान संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकले ५४. नांदेडला आलेली ट्रूजेट ही कंपनी फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. एअर डेक्कन डिसेंबर २०१७ मध्ये १९ आसनी बीचक्राफ्ट घेऊन मुंबई-जळगावनं पुन्हा सुरू झाली होती, ती २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली.

कारण तोटा कोण भरणार हा एक प्रश्न सुटला, बाकीचे तसेच राहिले. महाराष्ट्रात तर मुंबईच्या स्लॉटनंच, म्हणजे तिथे उतरायला मिळणाऱ्या ठरावीक वेळेनंच, सगळं अडवलं. नाशिक, जळगाव, कोल्हापूरच्या माणसाला मुंबई हवी असते आणि मुंबईची धावपट्टी आधीच भरलेली. १९ आसनांचं विमान उतरायला तेवढीच जागा घेतं जेवढी १८० आसनांचं घेतं. खरं तर जास्तच, कारण मोठ्या विमानामागे हवेत जे भोवरे उठतात त्यातून हलक्या विमानाला वाचवायला मागचं अंतर वाढवावं लागतं. विमानतळ चालवणारा छोट्या विमानाला दुपारी दोनची वेळ देतो. दुपारी दोनला मुंबईत पोचून कामं उरकून त्याच दिवशी परतता येत नाही, म्हणून प्रवासी रेल्वेनंच जातो. अनुदान कितीही द्या, वेळ चुकीची असेल तर विमान रिकामंच जाणार.

म्हणून "तेच पुन्हा होणार का" याचं माझं उत्तर जागेनुसार बदलतं. जिथे रस्ता किंवा रेल्वे दोन-चार तासांत पोचवते तिथे १९ आसनी सेवा अनुदान संपल्यावर टिकणं कठीण, आणि तिथे हट्टानं पैसा ओतू नये असं मला वाटतं. जिथे डोंगर, समुद्र किंवा दिवसभराचा घाटरस्ता आडवा आहे, तिथे अनुदान तीन वर्षांपुरतं ठेवणंच चूक आहे. तिथे ते कायमचं हवं, रस्त्याच्या देखभालीच्या खर्चात धरावं तसं. पासीघाटला २१ मे २०१८ ला अलायन्स एअरचं एटीआर उतरलं आणि १२ एप्रिल २०२२ ला दिब्रुगडहून कानपूरमध्ये बनलेलं १७ आसनी डॉर्निअर उतरलं. वायुदूतनं जे विमान आणलं तेच, त्याच प्रदेशात. ती सेवा तीन वर्षांच्या मुदतीत मोजणं मला मान्य नाही.

तुमच्या गावासाठी विमान जाहीर झालं तर उद्घाटनाच्या तारखेपेक्षा काही साध्या गोष्टी विचारा. विमानतळावर इंधन मिळणार आहे का, की परतीचं इंधन आणणार? रात्री उतरायची सोय आहे का? मोठ्या शहरातली वेळ सकाळची आहे का? आठवड्यातले किती दिवस? कंपनीकडे त्या जातीची विमानं किती, आणि त्यातलं राखीव कुठे उभं असतं? शेवटच्या प्रश्नाला "राखीव नाही" असं उत्तर आलं, तर पहिल्या पावसाळ्यातच उड्डाणं रद्द व्हायला लागतील, आणि तेव्हा महत्त्वाच्या कामाला जाताना रेल्वेचं आरक्षणही करून ठेवा.